इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट: प्रश्न लहान घ्या, आकडे स्वतःचे आणा

कॅपमधून, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशातून, नवी मुंबईतल्या कॉलेजात सीट मिळाली की घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारतात, प्लेसमेंट कशी आहे? रिसर्चबद्दल कुणी विचारत नाही. तुम्ही सीनियरला विचारलंत तर उत्तर मिळतं, ‘ते बीईला बघ रे.’ मी इथूनच एक्स्टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) केलं, आणि माझं मत नेमकं उलट आहे. बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, बघायला वेळच नसतो. सातव्या सेमला एकीकडे कंपन्या येतात, दुसरीकडे प्रोजेक्टचे रिव्ह्यू, आणि ग्रुपमधल्या कुणाची तरी जुनी केटी (राहिलेला विषय) असतेच. जे काही करायचं ते एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, दिवाळीनंतर सुरू करा.

आधी प्रवासाचं उरकून घेते. ठाण्याला ९, १० आणि १०-ए हे प्लॅटफॉर्म ट्रान्स-हार्बरचे, म्हणजे नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलचे. सकाळी ऐरोली-घणसोलीच्या आयटीवाल्यांची गर्दी असते, पुढे डबा बराच मोकळा होतो. कॉलेज नेरूळ, खारघर किंवा पनवेलला असेल आणि हाताशी वाशी लोकलच असेल तर सोडू नका. तुर्भ्याला उतरून मागची गाडी पकडता येते, कारण फाटा तिथून पुढे फुटतो. कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून मिळतो. पास तीन महिन्यांचा काढा. अटेंडन्सचं काय ते तुम्हाला डिफॉल्टर लिस्ट लागली की कळेलच.

आता मुद्द्याचं. प्रोजेक्टचा विषय निवडताना बहुतेक ग्रुप ‘स्मार्ट’ने सुरू होणारं काहीतरी घेतात. स्मार्ट पार्किंग, स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट शेती (शेत कुणी पाहिलेलं नसतं). त्यात प्रश्नच नसतो, फक्त डबा असतो. असा तयार डबा रिपोर्ट आणि पीपीटीसकट विकणारेही आहेत. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, ‘हा रेझिस्टर इथे का?’ एवढंच विचारलं की पॅकेज उघडं पडतं.

आमच्या ग्रुपने हवेचं प्रदूषण घेतलं. रबाळे-महापेची एमआयडीसी समोर, घरं कोपरखैरणे-घणसोलीला, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. लॅबमध्ये एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर पडलेला होता. सगळे प्रोजेक्ट हाच सेन्सर लावतात आणि एलसीडीवर ‘एक्यूआय’ (हवेच्या दर्जाचा निर्देशांक) लिहून मोकळे होतात. आमच्या गाइड मॅडमनी पहिल्याच मीटिंगला तो शब्द खोडला. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पद्धतीत एक्यूआय आठ प्रदूषकांवरून काढतात; निदान तीन तरी लागतात आणि त्यात पीएम-२.५ किंवा पीएम-१० (हवेतले बारीक कण) असावाच लागतो. बहुतेक प्रदूषकांना २४ तासांची सरासरी लागते. एमक्यू-१३५ तर अमोनिया, धूर, अल्कोहोल, बेंझिन अशा सगळ्यांनाच प्रतिसाद देतो. आकडा कशामुळे वाढला ते त्याला सांगता येत नाही.

मग आम्ही लेझरवर चालणारा धुळीचा सेन्सर घेतला आणि प्रश्न एवढाच ठेवला: पावसाळ्यात या स्वस्त सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा? हा सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात, आणि हवा आहे त्याहून जास्त घाण असल्याचं सेन्सरला दिसतं. आम्ही शेजारी तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावला, डबा बाल्कनीत टांगला आणि आमचे आकडे जवळच्या सरकारी स्टेशनच्या आकड्यांशी तासातासाला ताडून पाहिले. महापे आणि नेरूळला एमपीसीबीची (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची) स्टेशनं आहेत, त्यांचा डेटा सीपीसीबीच्या पोर्टलवरून फुकट उतरवता येतो. पाऊस थांबल्यानंतरच्या कुंद संध्याकाळी दोन रेघा, आमची आणि स्टेशनची, एकमेकींपासून लांब जात. तो ग्राफ आमच्या अख्ख्या रिपोर्टमधलं एकमेव पान होतं जे एक्स्टर्नलने मागे उलटून पुन्हा पाहिलं.

ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर वापरणार असाल तर एक गोष्ट आधीच लिहून ठेवा. वायफाय चालू असताना त्याच्या एडीसी-२च्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दोन भागांपैकी दुसऱ्याच्या) पिनांवर अॅनालॉग रीडिंग घेता येत नाही. सेन्सर एडीसी-१ला, म्हणजे जीपीआयओ ३२ ते ३९ मधल्या पिनला जोडा. आणि सेन्सरचं ५ व्होल्टचं आउटपुट थेट देऊ नका, ही पिन ३.३ व्होल्टची आहे. मध्ये व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लागतो. सुटे पार्ट ऑनलाइन मिळतात, पण सबमिशनच्या आदल्या आठवड्यात काही जळलं तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठावा लागतो. सेन्सर दोन घ्या. परवडत नसेल तर दुसऱ्या ग्रुपबरोबर वाटून घ्या. आणि लॅबच्या काकांशी नीट वागा. कपाटाची किल्ली एचओडींकडे नाही, त्यांच्याकडे असते.

वाचनाचं तंत्र फार नाही. पेपर पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. अॅबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या, मग निष्कर्ष, आणि तरीही कामाचा वाटला तर मधलं. आयट्रिपलई एक्स्प्लोर या पेपरांच्या ऑनलाइन संग्रहाची वर्गणी कॉलेजने भरलेली असेल तर पीडीएफ कॉलेजच्या नेटवर्कवर उतरते, तेव्हा घरी जायच्या आधी डाउनलोड करून ठेवा. भारतीय पीएचडी प्रबंध शोधगंगा या साइटवर मोफत आहेत. त्यातलं दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या कामाचा आढावा, बहुतेक वेळा तुमचा निम्मा शोध वाचवतं.

पेपर छापण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. बीईला ‘पेपर पब्लिश’चे मार्क असतात म्हणून अनेक ग्रुप पैसे भरून दोन दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलकडे जातात. त्यांच्या वेबसाइटवर आयएसएसएन ठळक असतो. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ म्हणून आजही कुणी जाहिरात करत असेल तर त्याच्याकडे काय माल आहे ते ओळखा. एका साध्या कसोटीने काम भागतं: रिव्ह्यूअरने एकही प्रश्न न विचारता पेपर स्वीकारला, तर तो कुणी वाचलेला नाही.

त्यापेक्षा आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला जा. विद्यापीठाच्या फेऱ्या होतात, पुढे राज्यपातळी. पोस्टर लावून उभं राहायचं आणि परीक्षकांना दोन-चार मिनिटांत काम समजावायचं. इंजिनिअरिंगला स्वतंत्र गट आहे, पदवीच्या मुलांची स्पर्धा पदवीच्याच मुलांशी होते. नोटीस बोर्डवर येईपर्यंत थांबू नका, कोऑर्डिनेटर सरांना जुलैतच विचारा.

पुढे एमटेक किंवा संशोधन करायचं डोक्यात असेल तर गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा टीईला (तिसऱ्या वर्षाला) असतानाही देता येते, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. उन्हाळी इंटर्नशिपसाठी प्राध्यापकांना मेल करताना मार्कशीट सगळेच जोडतात. तुम्ही त्यांचा एक पेपर वाचून त्यावर दोन ओळींचा नेमका प्रश्न विचारा आणि स्वतःचा एखादा ग्राफ जोडा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.