परदेशात बंजी, स्कुबा, पॅराग्लायडिंग करणार? ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना या चुका टाळा

सोलापुरातनं थायलंड, नेपाळ, दुबईला जाणारी पोरंपोरी आता लई झालीत आणि नुसतं फिरून येत नाहीत, पोखऱ्याला पॅराग्लायडिंग, फुकेतला स्कुबा, दुबईत विमानातनं उडी, हे सगळं इथनंच ठरवून जातात. चांगलं आहे, जावंच. पण इन्शुरन्स कुठला घेतला विचारलं की उत्तर येतं, तिकीट काढताना खाली एक टिक होती ती केली. नाहीतर एजंटनं सांगितलेलं असतं, "अण्णा, सगळं कव्हर आहे, टेन्शन घेऊ नका." ह्या "सगळं" शब्दावरच लोक फसतात, म्हणून एवढं लिहितोय.

पहिली चूक म्हणजे पॉलिसी आहे म्हणजे उडी पण कव्हर आहे असं धरून चालणं. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत अचानक आजारपण, अपघात, हरवलेली बॅग, लेट झालेलं विमान असतं, आणि धोक्याचे खेळ बहुतेक वेळा सरळ एक्स्क्लुजनमध्ये, म्हणजे कव्हर नसलेल्या गोष्टींच्या यादीत टाकलेले असतात, म्हणजे तिथं मोडलेल्या पायाचं बिल तुमचं तुम्ही भरायचं. युरोपला जाणाऱ्यांचा तर जास्तच घोळ होतो. शेंगन व्हिसाला किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतं, ते घेतलं, व्हिसा आला, की वाटतं झालं काम. व्हिसावाल्यांनी ती पॉलिसी व्हिसापुरती बघितलेली असते, स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला तुम्ही पॅराग्लायडर बांधून उडणार आहात का नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

बरं, मग लोक अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीवर जोडायचं जादा कव्हर घेतात आणि तिथं थांबतात. ही दुसरी चूक आणि माझ्या मते सगळ्यात महागात जाणारी, कारण खरी गंमत आतल्या अटींत असते. स्कुबा कव्हर आहे, पण किती मीटरपर्यंत? पहिल्यांदा करणाऱ्याला इन्स्ट्रक्टर साधारण 12 मीटरच्या खाली नेत नाहीत, ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचा सुरुवातीचा कोर्स केलेल्याची मर्यादा 18 मीटर, अ‍ॅडव्हान्स्डची 30. तुमच्याकडं सर्टिफिकेट एक, डाइव्ह दुसरीच, असं झालं तर क्लेम अडकलाच समजा. ट्रेकिंगचं पण तसंच. एव्हरेस्ट बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे आणि बऱ्याच पॉलिसींत उंचीची मर्यादा त्याच्या बरीच खाली असते, म्हणजे कागदावर "ट्रेकिंग कव्हर" लिहिलंय आणि तुम्ही जाताय तो ट्रेक त्यात बसतच नाही. वर विरळ हवेचा त्रास झाला तर हेलिकॉप्टर लागतं, ते कव्हर आहे का, त्याला वेगळी लिमिट आहे का, बोलवायच्या आधी कंपनीची परवानगी लागते का, हे तीन प्रश्न तरी सोलापुरात बसूनच सोडवा.

बघायचं कसं? रंगीत ब्रोशर बाजूला ठेवा, कंपनीच्या साइटवरनं पॉलिसी वर्डिंगची, म्हणजे सगळ्या अटी लिहिलेली पीडीएफ उतरवा आणि त्यात हॅझर्डस, अ‍ॅडव्हेंचर, अल्टिट्यूड, डेप्थ, लायसन्स हे शब्द सर्च करा, वीस मिनिटाचं काम आहे. तरी शंका राहिली तर पैसे भरायच्या आधी ईमेल टाका आणि एकदम नेमकं विचारा: "मी अमुक तारखेला नेपाळमध्ये भोटे कोशी इथं 160 मीटरची बंजी उडी लायसन्सवाल्या ऑपरेटरकडं मारणार आहे, त्यात दुखापत झाली तर हॉस्पिटलचा खर्च या पॉलिसीत मिळेल का, कुठल्या कलमाखाली?" कलम विचारायचंच. फोनवर हो म्हणणारा क्लेमच्या वेळी सापडत नाही, ईमेल सापडतो.

आता स्कूटर. ह्याला कोणी साहसी खेळ म्हणत नाही आणि तिथंच गंडतं. थायलंडला उतरलं की पहिलं काम भाड्यानं स्कूटर, आणि लायसन्स आपलं फक्त कारचं, किंवा टू-व्हीलरचं आहे पण इंटरनॅशनल परमिट काढलेलं नाही. लायसन्स नसताना, हेल्मेट नसताना किंवा दोन घोट घेऊन चालवली तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. परमिट आपल्या आरटीओतनं निघतं, एक वर्ष चालतं, निघायच्या आधी काढून ठेवा आणि त्यात टू-व्हीलरचा प्रकार धरलाय का ते पण बघा.

उडी किंवा डाइव्हच्या आधी ऑपरेटर सही घेतो तो कागद इन्शुरन्स नसतो, उलट जबाबदारी तुमची असं त्यात लिहिलेलं असतं. तिकिटात इन्शुरन्स इन्क्लुडेड म्हणाले तर रक्कम विचारा, हॉस्पिटल धरलंय का विचारा. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी आहे, तिथं सरकारची एसीसी योजना पर्यटकाच्या अपघाताच्या उपचारालाही मदत करते, पण मोडका पाय घेऊन विमानानं सोलापूरला परत यायचा खर्च त्यात नाही, म्हणजे पॉलिसी तिथंही लागतेच.

पॉलिसी घेताना बीपी, शुगर लपवू नका. पॉलिसी भारतातनं निघायच्या आधीच घ्या. आणि स्कुबा केल्यावर लगेच विमानात बसू नका, एक डाइव्ह असेल तर किमान 12 तास, जास्त असतील तर 18 तास थांबा, हे इन्शुरन्सपेक्षा जिवासाठी.

काही झालंच तर? जीव धोक्यात असेल तर आधी दवाखाना, पण सोबतच्या माणसानं त्याच वेळी पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरला फोन लावायचा, म्हणून तो नंबर आणि पॉलिसी नंबर ग्रुपमधल्या दोघातिघांच्या फोनमध्ये पाहिजे. डॉक्टरचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, ओरिजिनल बिलं, ऑपरेटरची पावती, रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलीस रिपोर्ट, सगळं तिथनंच घेऊन या. इथं आल्यावर त्या दवाखान्याकडनं एक कागद मिळवायला नाकी नऊ येतात.

क्लेम नाकारला तर कारण आणि कलम लेखी मागा आणि आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडं जा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटत नाही, तर विमा लोकपालाकडं तक्रार करता येते, आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीनं नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. तक्रारीला तो जुना ईमेल जोडायला विसरू नका.