हॉस्पिटलमधून आपले केस पेपर कसे मिळवायचे, आणि नको त्याला ते मिळू नयेत म्हणून काय करायचं

"रेकॉर्ड कॉन्फिडेन्शियल असतं, देता येत नाही." काउंटरवर हे ऐकून तुम्ही परत आला असाल तर आधी एक लक्षात घ्या, गोपनीयता पेशंटची असते, हॉस्पिटलची नाही. गंमत अशी की हे वाक्य खुद्द पेशंटला ऐकवतात आणि त्याच काउंटरवर कोणी लांबचा भाऊ येऊन "काय निघालं हो रिपोर्टात" म्हणाला की त्याला घडाघडा सगळं सांगून मोकळे होतात. मुंबई हायकोर्टाने १९९६ मधेच सांगून ठेवलंय की गोपनीयतेचं कारण देऊन पेशंटला त्याचे कागद नाकारता येणार नाहीत. तरी अजून भांडावं लागतं, म्हणून हे लिहितोय.

आधी नक्की काय मागायचं ते ठरवा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे रेकॉर्ड नव्हे, तो फक्त सारांश. मागायचे ते पूर्ण इनडोअर केस पेपर, म्हणजे अॅडमिशनच्या वेळच्या नोंदी, डॉक्टरांच्या रोजच्या नोट्स, नर्सिंग चार्ट, ऑपरेशन आणि भूल दिल्याच्या नोट्स, तुमच्या सह्या घेतलेले संमतीचे फॉर्म आणि सगळे रिपोर्ट. नुसतं "फाइल द्या" म्हटलं की चार पानं हातात ठेवतात. आमच्या घरच्या एका ऑपरेशनच्या वेळी नेमका भुलेचा चार्टच "सापडत नव्हता", नावानिशी लेखी मागितल्यावर दोन दिवसांत सापडला!

मग लेखी अर्ज. साधा कागद चालतो. नाव, आयपीडी नंबर (अॅडमिट करताना मिळालेला पेशंटचा नंबर), अॅडमिट आणि डिस्चार्जची तारीख, काय काय हवंय त्याची यादी, आणि एक ओळ टाका की भारतीय मेडिकल कौन्सिलच्या (डॉक्टरांवर देशपातळीवर देखरेख करणारी तेव्हाची संस्था) २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत प्रती मिळाव्यात. दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घेऊन पोच ठेवा. पोच नसेल तर ७२ तास कधी सुरू झाले हेच सिद्ध करता येत नाही, सगळी गाडी तिथेच अडते. घेतच नसतील तर ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पण पाठवा. हा नियम डॉक्टरांवर बंधनकारक आहे, न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं. २०२३ मधे नवीन नियम आले होते पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून कोणी "ते जुनं झालं" म्हणालं तर ऐकू नका.

पेशंट स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं जोडा. पेशंट हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा न्या.

सरकारी हॉस्पिटल असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हाही एक रस्ता आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता दुसरी बाजू, कोणाला द्यायचं नाही. तुमच्या संमतीशिवाय नातेवाईक, ऑफिस, शेजारी कोणालाच नाही, नवरा-बायको असले तरी आपोआप हक्क येत नाही. अॅडमिट होतानाच लिहून द्या की माहिती फक्त अमुक माणसालाच द्यावी, हे फार कमी लोक करतात आणि नंतर पस्तावतात. इन्शुरन्सच्या क्लेम फॉर्मवर सही करताना मात्र रेकॉर्ड मागवायची परवानगी तुम्हीच देत असता, बारीक अक्षरात असतं ते वाचा.

अपवाद आहेत आणि ते समजून घ्या. कोर्टाने आदेश दिला तर डॉक्टरला सांगावंच लागतं, वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याने जसं संरक्षण आहे तसं डॉक्टर-पेशंटला नाही. पोलिसांनाही तपासासाठी कागद मागता येतात, पण ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने, हवालदाराने फोनवर विचारलं म्हणून नाही. नोंद सक्तीची असलेले साथीचे आजार कळवावे लागतात, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं दिसलं तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

एचआयव्हीचा मामला वेगळा. १९९८ मधे सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की एचआयव्ही असलेल्या माणसाच्या होणाऱ्या बायकोचा जीव धोक्यात असेल तर गोपनीयता मागे पडते. नंतर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि चौकट पक्की झाली, संमती नाहीतर कोर्टाचा आदेश हवा, जोडीदाराला सांगायचं तरी आधी समुपदेशन, आणि सांगितल्याने बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल तर सांगायचं नाही. कोर्टाच्या कामकाजातून कळलेली अशी माहिती कोर्टाच्या आदेशाशिवाय फोडली तर एक लाखापर्यंत दंड. गर्भपाताच्या बाबतीत कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाईची ओळख फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागतच नाही, हॉस्पिटलवाले सही मागतात ते त्यांच्या सोयीसाठी. मानसिक आजाराच्या पेशंटलाही २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्याने स्वतःचं रेकॉर्ड बघायचा हक्क आहे, एखादा भाग रोखून धरला तर त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य रिव्ह्यू बोर्डाकडे अर्ज करता येतो.

एवढं करूनही कागद दिले नाहीत किंवा माहिती फुटली तर डॉक्टरविरुद्ध राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करा, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे मुदत दोन वर्षांची. आणि इनडोअर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे, म्हणजे "बघू निवांत" म्हणत बसलात तर चौथ्या वर्षी ते सरळ सांगतील की नष्ट केलं, आणि तेव्हा त्यांचं बरोबर असेल.