कुत्र्याला वास येतोय? आधी नाक लावा, पाणी नंतर

पॉमेरेनियन, शिह त्झू, ल्हासा, पग. घरातलं लहान कुत्रं खाजवायला लागलं, त्याला वास यायला लागला, की एकच उपाय ठरलेला: आंघोळ. रविवारी घातली, बुधवारी वास परत हजर. मग जखमा धुवायचं जंतुनाशक पाण्यात टाकून आंघोळ, मग लिंबू, मग कडुलिंबाचं पाणी, मग शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून खोबरेल तेल. यातलं कडुलिंबाचं पाणी तेवढं निरुपद्रवी, बाकी सगळ्याने कातडी आणखी बिघडते. काय बिघडलंय हे न बघता धूत बसलं की असंच होतं.

वास नेमका कुठला?

चार ठिकाणी वेगवेगळं नाक लावायचं. किळस वाटली तरी लावायचं.

तोंडाला सडका वास असेल तर दातांवरचा पिवळा-तपकिरी थर बघा. लहान जातींचे दात दाटीवाटीने असतात, त्यामुळे हा थर लवकर बसतो. कुत्रं त्याच तोंडाने अंग चाटतं, वास अंगभर पसरतो आणि मालक अंग धूत राहतो. इथे शाम्पूचा उपयोग शून्य. दात साफ करून घ्यावे लागतात.

शेपटीखालून सुक्या बोंबलासारखा वास आणि बूड फरशीवर घासत चालणं म्हणजे गुदग्रंथी भरल्या. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी त्या असतात. पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच रिकाम्या करून घ्या. त्रास नसताना दर महिन्याला दाबत बसू नका.

कानातून आंबूस वास, आत तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं: कानाचा संसर्ग.

आणि चौथं, सगळ्यात जास्त आढळणारं. काखेत, जांघेत, गळ्याखाली, बोटांच्या बेचक्यांत जुन्या शेंगदाणा तेलासारखा खवट वास. हात फिरवला तर चिकट लागतं. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे चाटून चाटून तांबूस झालेले, आणि दुखणं जुनं असेल तर कातडी काळी, जाड, हत्तीच्या कातडीसारखी. हे मॅलासेझिया नावाच्या यीस्टचं, म्हणजे एका बुरशीचं, काम. ती निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही थोडी असते. कातडी ओलसर, तेलकट किंवा सुजलेली झाली की बेसुमार वाढते. कातडीवरचा तेलकटपणा हेच तिचं खाद्य. तेव्हा अशा कुत्र्याला तेल चोळणं म्हणजे यीस्टला जेवायला वाढणं.

पिसवा आणि गोचीड आधी

खाज कंबरेच्या मागे, शेपटीच्या बुडाशी जास्त असेल तर पिसवांचा संशय धरा, दिसत नसल्या तरी. बारीक फणीने विंचरा, निघालेले काळे कण पांढऱ्या कागदावर ठेवून ओल्या कापसाने टिपा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नाही पसरला तर धूळ.

खान्देशात इथेच घात होतो. घरात कापसावर फवारायची बाटली असते, गोठ्यात ढोरांचं गोचिडाचं औषध असतं, आणि कुत्रं हातात मावणारं. शेतीचं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर कधीही, कितीही पातळ करून लावू नका; ते चाटून पोटात जातं. ढोरांसाठीचं अमिट्राझ हे गोचिडाचं औषध अंदाजाने टोपण भरून ओतलं तर लहान कुत्रं गळून पडतं, अंग गार पडतं, नाडी मंदावते. ढोरांच्याच आयव्हरमेक्टिनच्या (जंत-किड्यांवरच्या औषधाच्या) इंजेक्शनचं गणित तर करूनच बघा: १ मिलीमध्ये १० मिलीग्राम औषध. सिरिंजवरची ०.१ मिलीची एक रेघ म्हणजे १ मिलीग्राम. चारशे किलोच्या गाईला ती रेघ इकडेतिकडे झाली तर फरक पडत नाही. चार किलोच्या पॉमला पडतो. जळकं ऑईल आणि रॉकेलबद्दल लिहायचीही गरज पडू नये, पण खरूज म्हटलं की अजूनही ते लावलं जातं.

सोपा मार्ग म्हणजे वजनानुसार मिळणारी चघळायची गोळी. आफोक्सोलानरची महिनाभर चालते, फ्लुरालानरची साधारण १२ आठवडे. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना ते सांगूनच घ्या. मानेवर सोडायचे थेंब वाईट नाहीत, पण पुढे सांगितलेली आंघोळ आठवड्यातून दोनदा घालायची असेल तर त्यांचा असर टिकत नाही.

घराकडेही बघा. कुत्र्याची तपकिरी गोचीड जमिनीवर थांबत नाही, भिंत चढते: चौकटीच्या फटी, फोटोंच्या मागची बाजू, पलंगाचे सांधे. पिसवांचे कोश फटींत कित्येक आठवडे पडून राहतात, म्हणून एका गोळीवर थांबू नका, तीन महिने सलग उपचार करा. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे.

कान

कुत्र्याचं कान धुण्याचं द्रावण कानात भरा, बुडाशी अर्धा मिनिट चोळा, झटकू द्या, दिसेल तेवढं कापसाने पुसा. काडी नको, तेल नको, हायड्रोजन पेरॉक्साईड नको. कान दुखत असेल किंवा डोकं एका बाजूला कललेलं असेल तर काहीच घालू नका. पडदा फाटलेला असू शकतो.

औषधी आंघोळ: खरी मेख इथे

शाम्पू कोणता, हा प्रश्न लोक फार विचारतात. उत्तर सोपं आहे: २ टक्के क्लोरहेक्झिडीन (जंतुनाशक) आणि २ टक्के मायकोनॅझोल (बुरशीनाशक) असलेला, जनावरांसाठीचा. आपला शाम्पू किंवा कपड्याचा साबण नाही. खरा प्रश्न तो कसा लावला हा आहे. हजार रुपयांचा शाम्पू दोन मिनिटांत धुऊन टाकणारे 'गुण येत नाही' म्हणतात तेव्हा दोष शाम्पूचा नसतो.

पाणी आधी भरून ठेवा. पाच किलोच्या कुत्र्याला दोन बादल्या लागतातच, आणि जिथे नळ चार-आठ दिवसांनी येतो तिथे अर्ध्या आंघोळीत पाणी संपणं ही नेहमीची गोष्ट. बोअरचं पाणी जड असेल तर फेस कमी होतो, वाळल्यावर केसांवर पांढुरकं राहतं. निदान शेवटचं धुणं गोड्या पाण्याने करा. पाणी कोमट, हाताला जेमतेम लागेल इतकंच. गरम पाण्याने खाज वाढते.

कुत्रं तेलकट असेल तर आधी कुत्र्याच्या साध्या शाम्पूने एकदा धुवा. तेलाच्या थरावर औषध बसत नाही. मात्र हा पहिला शाम्पू पूर्ण निघाला पाहिजे, कारण साबणाचा अंश उरला तर क्लोरहेक्झिडीनची ताकद जाते. दोन्ही बाटल्या एकत्र मिसळणारे नेमकं हेच करून बसतात.

आता औषधी शाम्पू, अंदाजे २५ ते ३० मिली. पाठीवर ओतून वरवर फेस काढू नका. पॉमच्या अंगावर केसांचे दोन थर असतात; वरचा थर फेसाने पांढरा दिसतो तेव्हा आतली कातडी कोरडीच असू शकते. बोटांनी केस फाकवा आणि शाम्पू कातडीला लावा. सुरुवात सगळ्यात खराब जागेपासून: पंजे, काखा, जांघा, गळा, शेपटीचं बूड. पाठ शेवटी. डोळ्यांत जाऊ देऊ नका, क्लोरहेक्झिडीनने बुबुळाला इजा होते. चेहऱ्याला आणि पगच्या घड्यांना फडक्याने लावा आणि फडक्यानेच पुसून काढा.

मग घड्याळ लावा. दहा मिनिटं. सगळ्या अंगाला शाम्पू लागल्यानंतरची दहा. पहिला थेंब पडल्यापासूनची नव्हे. औषधाला कातडीवर राहायला एवढा वेळ लागतोच, आणि अंदाजाने धरलेली दहा मिनिटं बहुधा चारच असतात, म्हणून मोबाईलवर गजर लावा. कुत्रं थरथरतं, पळायला बघतं, अंग झटकतं. बादलीच्या आतल्या कडेला चमचाभर साधं दही फासा, चाटण्यात वेळ जातो. फेस सुकायला लागला तर ओला हात फिरवा, नवीन पाणी ओतू नका. या वेळात कुत्र्याला फेस चाटू देऊ नका.

धुताना पाणी स्वच्छ यायला लागलं की आणखी पाच-सहा तांबे ओता. उरलेला शाम्पू स्वतःच खाज आणतो, विशेषतः काखेत आणि पोटाखाली.

सुकवणं

इथे घाई केली की वरची सगळी मेहनत वाया. आतला थर ओला राहिला तर यीस्टला हवी तीच जागा आपण तयार करून देतो, आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. टॉवेल दोन घ्या, घासू नका, दाबून पाणी टिपा. नंतर ब्लोअर, गार किंवा अगदी कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून, केस उलटे फाकवत. पॉमला अर्धा तास लागतो. बोटं आतल्या थरात घालून बघा: गार लागलं तर ओलं आहे. बोटांच्या बेचक्या, कानामागची जागा, शेपटीचं बूड पुन्हा तपासा.

कूलरसमोर बसवलेलं कुत्रं वाळत नाही. कूलर पाण्यावरून ओली हवा फेकतो; केस वरून सुकतात, आत ओल राहते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळाभर कुत्री कूलरच्या तोंडाशीच झोपतात, म्हणून पावसाळ्याआधीच मे महिन्यात हा वास सुरू होतो. कूलर बंद करा असं नाही, पारा ४४-४५ वर असताना ते शक्यही नाही. फक्त जागा थोडी लांब आणि खालचं पोतं रोज कोरडं. गच्चीवर उन्हात सोडून वाळवणं तर नकोच. फरशीने पंजे पोळतात, आणि चपट्या नाकाच्या पगला, शिह त्झूला तिथेच उष्माघात होतो. उन्हाळ्यात आंघोळ सकाळी आठच्या आत.

अशी आंघोळ आठवड्यातून दोनदा, सलग तीन आठवडे. मग आठवड्यातून एकदा. वास बहुधा पहिल्या आठवड्यातच कमी होतो आणि तिथेच लोक थांबतात, थांबू नका. काळी पडलेली कातडी पूर्ववत व्हायला महिने लागतात. पट्टा धुवायला विसरू नका, निम्मा वास त्यात असतो. शिह त्झूचे केस बारीक कापले तर औषध कातडीपर्यंत सहज पोचतं. पॉमची मात्र हजामत करू नका, ते केस कधी कधी नीट परत येत नाहीत.

बंद केल्यावर परत आलं तर

यीस्ट हा परिणाम असतो. मूळ बहुधा ॲलर्जीत, कधी थायरॉईडमध्ये. अन्नाची शंका असेल तर डॉक्टरांशी ठरवून आठ आठवडे फक्त एकच, आधी कधी न खाल्लेलं प्रथिन द्या. रोज चिकन खाणाऱ्याला मासा आणि बटाटा, उदाहरणार्थ. त्या काळात ग्लुकोज बिस्किट नाही, भाकरीचा तुकडा नाही, आंघोळीतलं दहीसुद्धा नाही. एका बिस्किटाने आठ आठवडे फुकट जातात. शेवभाजीचा रस्सा आणि भरीत तर एरवीही बंदच हवं. कांदा-लसणाने कुत्र्याचं रक्त कमी होतं.

मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची मिश्र ट्यूब लावू नका. दोन दिवस खाज थांबते, आत संसर्ग वाढत राहतो, आणि कुत्रं ती चाटतं ते वेगळंच.

कानाच्या कडा, पायांची कोपरं यांवर खपल्या, जीव खाणारी खाज आणि घरातल्या माणसांच्याही हातांवर पुरळ, तर ती खरूज. गोल टक्कल, पू, ताप, जेवण बंद, हिरड्या पांढुरक्या: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. हिरड्या पांढऱ्या पडणं गोचिडापासून होणाऱ्या तापातही दिसतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ढोरांची गर्दी असली तरी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फार काही लागत नाही. ती तपासणी मागून घ्या. जीवाला धोका नसेल तर जाण्याआधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, नाहीतर काचेवर काहीच सापडत नाही. आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या, लाज वाटली तरी.