इलियड वाचताना मला सापडलेलं एक विशेषण

एम.ए.ला इलियड, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य, लागलं तेव्हा मी आधी एक मोठा तक्ता केला. डावीकडे ग्रीक, उजवीकडे ट्रॉयवाले, खाली देव. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी आली आणि कागद संपला. परीक्षा जवळ आली तेव्हा मला नावं पाठ होती, पण काव्य वाचायचं राहून गेलं होतं. म्हणून आता कुणी नव्यानं वाचायला घेतलं की मी सांगते, तक्ता करू नका. अकिलीज, अ‍ॅगमेम्नॉन, पॅट्रोक्लस हे ग्रीक (सर्वांत मोठा योद्धा, सेनापती आणि त्या योद्ध्याचा जिवलग मित्र), ट्रॉयचा राजा प्रायम, त्याचा मुलगा हेक्टर, हेक्टरची बायको अँड्रोमाकी, आणि जिच्यासाठी युद्ध पेटलं ती हेलन, एवढी माणसं नीट ओळखीची झाली की पुरे. बाकीचे कितीतरी जण एकदाच भेटतात, तेही मरताना. तेवढ्यातही त्यांचे आईबाप कोण, गाव कुठलं हे होमर सांगतो. तिथे थांबा, नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

दुसरं म्हणजे, ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले त्या लाकडी घोड्याची वाट पाहू नका. तो इलियडमध्ये नाहीच, आणि अकिलीजचा मृत्यूही नाही. २४ सर्ग, साडेपंधरा हजारांहून जास्त ओळी, आणि त्यात युद्धाच्या दहाव्या वर्षातले फक्त काही आठवडे. मूळ ग्रीकमध्ये काव्याचा पहिलाच शब्द 'क्रोध' असा आहे. अ‍ॅगमेम्नॉन अकिलीजच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेइस या बंदिवान स्त्रीला हिरावून नेतो, भर सभेत त्याचा मान जातो, अकिलीज लढाई सोडून बसतो. सगळं इथून सुरू होतं.

नावांचा गोंधळ सुरुवातीला होतो. ग्रीकांना होमर कधी अकियन म्हणतो, कधी आर्गाइव्ह, कधी डॅनअन. अकिलीज कधी नुसता 'पेलियसचा मुलगा' असतो. आपल्याला हे जड जाऊ नये. अर्जुनाला पार्थ, कौंतेय, धनंजय म्हटलेलं आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

खरी अडचण विशेषणांची. वेगवान पायांचा अकिलीज, गोऱ्या बाहूंची हेरा देवी, गुलाबी बोटांची पहाट. पुन्हा पुन्हा तेच. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हापासून याचं उत्तर ठरलेलं आहे: गाता गाता ओळ रचणाऱ्याला वृत्तात बसणारे तयार शब्दसमूह लागतात. मीही परीक्षेत तेच लिहिलं. बरोबरच आहे ते. पण पुढे आमच्या बाईंनी एक काम दिलं: एकच विशेषण घ्या आणि ते कुठे कुठे येतं तिथे पेन्सिलीने खूण करा. माझ्या वाट्याला 'अँड्रोफोनोस' आलं, म्हणजे माणसं मारणारा.

हे बहुतेक वेळा हेक्टरचं विशेषण आहे. पहिल्या सर्गात अकिलीज रागाने शपथ घेतो, की माणसं मारणाऱ्या हेक्टरच्या हातून तुम्ही पटापट पडाल तेव्हा माझी आठवण होईल. इथे ते शोभतं. मग सहावा सर्ग येतो. हेक्टर बाळाला घ्यायला हात पुढे करतो, बाळ शिरस्त्राणावरच्या तुऱ्याला भिऊन दाईच्या कुशीत शिरतं, आईबाप हसतात, तो शिरस्त्राण काढून खाली ठेवतो. अँड्रोमाकी मागे वळून वळून बघत घरी जाते. कुणाच्या घरी? 'माणसं मारणाऱ्या हेक्टरच्या'. आणि तो जिवंत असतानाच घरातल्या बायका त्याच्यासाठी रडू लागतात. इथे माझी पेन्सिल थांबली.

अठराव्या सर्गात विशेषण अकिलीजच्या हातांवर येतं. हेक्टरने पॅट्रोक्लसला मारलंय, आणि अकिलीज आपले माणसं मारणारे हात मित्राच्या निष्प्राण छातीवर ठेवतो. शेवटच्या सर्गात म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या तळावर येतो आणि त्याच हातांचं चुंबन घेतो, ज्यांनी त्याची कितीतरी मुलं मारली. थोड्याच ओळींनंतर दोघं रडतात, आणि प्रायम ज्याच्यासाठी रडतो तो 'माणसं मारणारा हेक्टर'. प्रेत घरी आल्यावर अँड्रोमाकी माणसं मारणाऱ्या हेक्टरचं डोकं आपल्या हातांत धरते.

वृत्ताची सोय म्हणून शब्द आला असेल, पण माझ्यासाठी तो आता नुसती सोय राहिलेला नाही. मारणाऱ्याचं विशेषण रडणाऱ्यांच्या ओळीत येऊन बसतं, आणि दोन्ही बाजूंचे हात सारखेच दिसू लागतात.

म्हणून भाषांतर निवडताना ही विशेषणं गाळलेलं घेऊ नका. मी रिचमंड लॅटिमोर यांचं १९५१ सालचं इंग्रजी भाषांतर वापरलं. वाचायला सावकाश जातं, पण पुनरावृत्ती जपतं. रोज अर्धा सर्ग, मोठ्याने. उपमांपाशी तर नक्की थांबा. सोळाव्या सर्गात रडणारा पॅट्रोक्लस आईच्या पदराला धरून 'मला उचल' म्हणत मागे धावणाऱ्या लहान मुलीसारखा दिसतो. त्याच सर्गात तो मरणार आहे.

आणि शेवटच्या ओळीला पोचलात की बघा: हेक्टरच्या अंत्यविधीची ती ओळ आहे, आणि तिथे त्याला माणसं मारणारा म्हटलेलं नाही. तिथे तो घोड्यांना माणसाळवणारा हेक्टर आहे.