बंद घर उघडलंत? शेगडी पेटवण्याआधी या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईची गाडी आली की आमच्या वाडीत दोन गोष्टी हमखास होतात. कुणाच्या तरी पंपाला पाणी चढत नाही आणि कुणाची तरी शेगडी पेटत नाही. दुसऱ्या कामासाठी हाक मला येते, "काकी, जरा बघा हो, बाटला भरलेला आहे, पण ज्योत धड येत नाही." मी काही गॅसवाली नाही. 35 वर्षं समुद्राच्या वाऱ्यात चूल आणि शेगडी दोन्ही सांभाळली, एवढंच. पण तेवढ्यात एक कळलं, की आपल्याकडे शेगडीचं दुखणं गॅसपेक्षा खारी हवा, पाऊस आणि कुलूप लागलेलं घर यातून जास्त येतं.

सर्वात मोठी चूक म्हणजे आल्या आल्या चहाला आधण ठेवणं. मे महिन्यात बंद केलेल्या शेगडीत कुंभारीण माशी घर करते. नॉबपासून बर्नरकडे जाणारी नळी तिला अगदी मनासारखी जागा. आत मातीचा गोळा बसला की गॅस वर जात नाही, नळीच्या तोंडातून मागे येतो आणि शेगडीच्या खालीच पेट घेतो. असा एक भडका मी डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून आधी बर्नर काढा, नळीत टॉर्च मारून बघा, माती दिसली तर तारेने किंवा बारीक ब्रशने काढा. मात्र जेटच्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीच्या, भोकात सुई घालू नका. ते भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो आणि ज्योत पिवळी होते. जेट गॅस शेगडी दुरुस्त करणाऱ्यालाच बदलू द्या.

मग रबरी नळी. घर बंद असताना उंदीर तिच्यावर दात चालवतात. आपण वापरतो त्या नारिंगी सुरक्षा नळीत तारेची जाळी असते, पण वरचं रबर कुरतडलं गेलं की आतली तार खाऱ्या हवेत गंजायला वेळ लागत नाही. वाकवून, चिमटीत धरून बघा. भेग दिसली तर लगेच बदला. नाहीतरी पाच वर्षांनी बदलायचीच असते. नळीवर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळायची पद्धत काही घरांत आहे. नळी छान राहते म्हणे! भेग झाकली जाते, बाकी काही होत नाही.

दोन बाटले असतील तर राखीव बाटल्याची तारीखही बघा. वरच्या गोल कड्याला जोडलेल्या उभ्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-27 म्हणजे सप्टेंबर 2027 पर्यंत त्या बाटल्याची चाचणी व्हायची आहे. तारीख उलटून गेली असेल तर एजन्सीला परत करा. आणि बाटला ओल्या जमिनीवर ठेवू नका, बुडाचं कडं आधी तिथूनच गंजतं.

आता वास. या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. शिवाय तो हवेपेक्षा जड. खिडकीतून वर निघून जाईल असं समजू नका, तो जमिनीलगत बसतो. आपल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराला उंच उंबरठा असतो, म्हणजे गॅस साठायला तयार हौदच. त्यात बाहेर पागोळ्या गळताहेत म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या, कोपऱ्यात चूल धुमसतेय, देवाशी समई. वास आला की आधी सगळ्यांना बाजूला करा, रेग्युलेटर बंद करा, समई आणि चूल विझवा, दारं उघडा. पंखा लावूही नका आणि चालू असेल तर बंदही करू नका, बटणाची एवढीशी ठिणगी पुरते. मग बाहेर जाऊन गॅस गळतीच्या मदत क्रमांकाला, 1906 ला, फोन लावा. गळती काडी पेटवून शोधणारे महाभाग अजून आहेत. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात.

बाटला संपत आला की आडवा करायची सवयही सोडा. बाटल्यात गॅस पातळ असतो. आडवा केला की तोच पातळ गॅस थेट रेग्युलेटरमध्ये घुसतो.

पिवळी ज्योत बघून मात्र उगाच घाबरू नका. किनाऱ्यावर एक गंमत असते. मिठाचा अंश ज्योतीत गेला की ती नारिंगी-पिवळ्या ठिपक्यांनी लुकलुकते. वाऱ्यातला खारेपणा, उतू गेलेलं मिठाचं पाणी, काहीही पुरतं. मधे मधे ठिपके, बाकी ज्योत निळी आणि भांड्याचं बूड स्वच्छ, तर ते मीठच. पण ज्योत लांब, मऊ, पिवळीधमक असेल आणि भांडं काळं पडत असेल तर तिला हवा कमी पडतेय. तेव्हा विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अशी शेगडी बंद खोलीत चालवू नका. बर्नर गार झाल्यावर धुवा, भोकं साफ करा आणि पूर्ण कोरडा करूनच बसवा. नाहीतर फट् आवाज होतो आणि ज्योत बर्नरच्या आतच जळत राहते.

गॅस वाचवायचा तर काळे वाटाणे, कडवे वाल रात्री भिजत घाला. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. आत पाण्याचं तापमान 120 अंशांच्या आसपास गेलेलं असतं. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर. मोदकपात्राचंही तेच. पाणी उकळल्यावर मोठ्या आचेने मोदक लवकर होत नाहीत, पाणी मात्र लवकर आटतं.

परत जाताना रेग्युलेटर काढून बाटल्याला टोपी लावा. बर्नर कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि शेगडीवरच्या उघड्या तोंडांवर वाट्या पालथ्या घाला. डबा कुठे ठेवलात ते लिहून ठेवा. शेजारच्यांना त्यांचा डबा एकदा शिमग्याला सापडला. त्याआधी गणपतीचा सगळा नैवेद्य आमच्या शेगडीवर झाला होता.