कीपॅडचे स्मार्ट कुलूप: निवड आणि वापर

कीपॅडचे कुलूप घ्यायचे ठरले की बहुतेक जण मोबाइलवर मॉडेलांची तुलना करायला बसतात. माझा आग्रह असा की त्याआधी मोजपट्टी घेऊन दाराशी जावे. दाराच्या फळीची जाडी किती आहे, सध्याचे कुलूप फळीच्या आत बसवलेले आहे की आतल्या बाजूने वरून लावलेले, दार डावीकडे उघडते की उजवीकडे, आणि दाराच्या कडेपासून कुलपाच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर किती भरते, एवढे आधी लिहून काढावे. डेडबोल्ट प्रकारच्या कुलपांत (ज्यांचा बोल्ट, म्हणजे जाड दांडा, चौकटीतल्या भोकात सरकून दार बंद होते) हे अंतर बहुधा 60 किंवा 70 मिलिमीटर असते आणि पुष्कळ मॉडेलांत ते बदलता येते, पण सर्वच मॉडेलांत नाही. बाहेर जाळीचे दुसरे दार असेल, तर ते बंद असताना कीपॅड किंवा हँडल त्याला अडणार नाही एवढी मोकळी जागा आहे का, हेही पाहावे.

मोजमापाइतकेच महत्त्वाचे म्हणजे दार नीट बसते का. किल्ली फिरवताना दार किंचित ओढून किंवा खांद्याने रेटून धरण्याची सवय घरातल्या माणसांच्या हाताला इतकी लागलेली असते की दारात दोष आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कुलपातली छोटी मोटर मात्र दार ओढू शकत नाही, ती बोल्ट पुढे रेटत राहते, अडते, आणि सेल लवकर संपतात. तपासण्याची सोपी पद्धत अशी: बोल्टच्या टोकाला खडू घासावा, दार लावून बोल्ट हळूच पुढे सरकवावा आणि मग दार उघडून चौकटीवरच्या पट्टीकडे पाहावे. खडूचा ठसा भोकाच्या काठावर उमटला असेल, तर दार खाली उतरले आहे किंवा पट्टी सरकली आहे. अशा वेळी बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट करून, गरज पडल्यास सुताराकडून पट्टीचे भोक कानशीने थोडे मोठे करून घ्यावे. चौकटीतले भोक बोल्ट पूर्ण लांबीने आत जाईल इतके खोलही हवे. लाकडी दार दमट हवेत फुगते, म्हणून ही तपासणी ऋतू बदलल्यावर पुन्हा करावी.

प्रत्यक्ष निवड करताना मी तीन गोष्टींवर तडजोड करणार नाही. वीज, सेल, इंटरनेट यांपैकी काहीही नसताना आतून हाताने दार उघडता आलेच पाहिजे, कारण आग लागल्यावर कोड आठवत बसायला वेळ नसतो. सेल पूर्ण संपल्यावर बाहेरून आत येण्याचा मार्ग हवा: धातूची किल्ली, 9 व्होल्टची बॅटरी टेकवण्याची टोके किंवा पॉवर बँक जोडण्याचे यूएसबी पोर्ट. आणि काही वेळा चुकीचा कोड दाबल्यास कीपॅड ठरावीक काळ बंद पडला पाहिजे. वाय-फाय ही मात्र चैन आहे. दूरवरून दार उघडण्याची खरोखर गरज नसेल, तर इंटरनेटशी न जोडलेले साधे कीपॅडचे कुलूप पुरेसे होते आणि सेलही जास्त टिकतात.

कोड ठरवताना आकडेमोड लक्षात घ्यावी. चार अंकी कोडच्या 10,000 शक्यता असतात, सहा अंकीच्या 10,00,000. मात्र एकच कोड वर्षानुवर्षे वापरला की तीच बटणे गुळगुळीत होतात किंवा त्यांच्यावर बोटांचे डाग दिसतात; चार अंकी कोडची चार बटणे ओळखता आली, तर उरतात केवळ 24 शक्यता. म्हणून कीपॅड अधूनमधून पुसावा, कोड बदलत राहावा, आणि कुलपात सोय असल्यास खऱ्या कोडच्या मागेपुढे इतर अंक दाबावेत. जन्मतारीख, वाहनाचा क्रमांक आणि 1234 यांना थारा देऊ नये. कारखान्यातून आलेला मूळ मास्टर कोड (ज्याने बाकीचे कोड भरता-काढता येतात) पहिल्याच दिवशी बदलावा, कारण तो अनेकदा माहितीपुस्तिकेत छापलेला असतो.

घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र कोड द्यावा. याचा खरा उपयोग कोड रद्द करताना कळतो: कामाला येणाऱ्या व्यक्तीने काम सोडले, तर फक्त तिचाच कोड काढायचा, बाकी कोणाला नवा अंक पाठ करावा लागत नाही. पाहुण्यांसाठी किंवा दुरुस्तीला येणाऱ्यांसाठी मुदतीचा अथवा एकदाच चालणारा कोड असतो, तो वापरावा. कुलूप ॲपला जोडलेले असेल, तर खात्याला मजबूत पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावावी, सॉफ्टवेअरचे अपडेट टाळू नयेत, आणि फोन हरवल्यास त्या फोनचा प्रवेश लगेच बंद करावा.

सेलच्या बाबतीत उत्पादकाची सूचना पाळावी. अनेक कुलपांना अल्कलाइन पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज मुळातच कमी, म्हणजे 1.5 ऐवजी 1.2 असतो, त्यामुळे उरलेल्या चार्जचा अंदाज चुकू शकतो. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत, आणि इशारा मिळताच सगळे बदलावेत.

बसवल्यानंतरची पहिली चाचणी दार उघडे ठेवूनच करावी. कोड, किल्ली, आपत्कालीन वीज आणि आपोआप बंद होण्याची वेळ, सर्व काही ठीक चालल्यावरच दार लावावे. धातूची किल्ली घरात ठेवल्यास ऐनवेळी तिचा उपयोग नाही. ती विश्वासातल्या शेजाऱ्याकडे किंवा जवळच्या नातेवाइकाकडे द्यावी. घर सोडताना किंवा दुसऱ्याच्या घरात राहायला जाताना कुलूप पूर्ण रिसेट करून सर्व कोड नव्याने भरावेत.