होनिंग आणि टॉर्क: इंजिनकामात नव्याने आलेल्यांसाठी

गोव्यात इंजिनं उघडण्याचा मोठा हंगाम पावसाळ्यात येतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत मालीम, कुटबण, वास्कोचा खारीवाडा इथले ट्रॉलर धक्क्याला लागतात आणि वर्षभर पुढे ढकललेली कामं एकदम अंगावर येतात. दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा मेकॅनिक डिझेल किंवा दोन वर्षांचा मोटर व्हेईकलचा ट्रेड करून आलेल्या मुलामुलींना ओव्हरहॉलिंग शिकायला याहून चांगले दिवस नाहीत, आणि चुका व्हायलाही. घाई असते, हवा दमट असते, पुढचं इंजिन दारात उभं असतं.

होनिंग म्हणजे सिलिंडरचं भोक, म्हणजेच बोअर, आतून दगडाने घासून गोल करणं आणि त्यावर तिरप्या बारीक रेघा उमटवणं; टॉर्क म्हणजे बोल्ट आवळताना दिलेला पिळाचा जोर. हे वर्गात दोन वेगळे धडे असतात. इंजिनात ते एकच काम आहे. होनिंगने मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात गोल केलेला बोअर हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) बोल्ट कमी-जास्त आवळले की पुन्हा वाकडा होतो, आणि मग दोष पिस्टनच्या रिंगांना दिला जातो.

मोजल्याशिवाय स्टोन, म्हणजे होनिंगचा दगड, हातात घेऊ नका. मायक्रोमीटर बोअरच्या मूळ मापावर लावून त्यात बोअर गेज शून्य करायचा आणि प्रत्येक सिलिंडरची सहा मापं घ्यायची: वर, मध्ये, खाली, आणि तिन्ही ठिकाणी दोन दिशांनी, एकदा क्रँकशाफ्टच्या लांबीच्या दिशेने, एकदा तिला काटकोनात. काटकोनातल्या दिशेला पिस्टनचा रेटा येतो, म्हणून झीज तिथे जास्त असते. तीही वरची रिंग जिथपर्यंत चढते तिथेच; नख फिरवलं की कड लागते. दोन दिशांमधला फरक म्हणजे ओव्हॅलिटी, वरखालचा फरक म्हणजे टेपर. यांपैकी एकही मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल तर होनिंग हा उपाय नाही. रिबोअर करून (बोअर मशीनवर मोठा कापून) ०.२५ किंवा ०.५० मिमीने मोठा, म्हणजे ओव्हरसाइझ, पिस्टन घालायचा, किंवा लायनर (सिलिंडरची बदलता येणारी नळी) बदलायचा. झिजलेल्या बोअरवर नुसत्या रेघा ओढून नव्या रिंगा घालणं ही या धंद्यातली नेहमी होणारी चूक आहे. इंजिन सुरू होतं, चांगलं वाटतं, आणि काही दिवसांतच पुन्हा तेल पिऊ लागतं.

होनिंगची हत्यारं दोन जातींची. तारांच्या टोकांना दगडी मणी असलेला बॉल होन बोअरचा आकार बदलत नाही. तो आहे त्याच आकारावर फिरतो आणि रिंगांच्या घासण्याने आलेली चकाकी तेवढी मोडतो. माप चांगलं आहे, फक्त रिंगा बदलायच्या आहेत, तर तो पुरे. आकार दुरुस्त करायचा किंवा रिबोअरनंतर अंतिम मापावर यायचं, तर ताठ धरलेल्या स्टोनचा होनच लागतो. बोअरिंग करणाऱ्याला व्यासावर ०.०५ ते ०.०८ मिमी शिल्लक ठेवायला सांगायचं. बोअरिंगचं टूल धातू ओरबाडत जातं, वरचा थर फाटलेला राहतो, आणि तो थर स्टोनने काढावा लागतो. साध्या कास्ट आयर्न रिंगांना २२० च्या आसपासचा ग्रिट (दगडाच्या कणांचा आकडा) चालतो, मोलिब्डेनम रिंगांना २८० ते ४०० चा बारीक.

आता रेघांचा कोन. एकमेकांना छेदणाऱ्या रेघांमध्ये ४५ ते ६० अंश हवेत असं सगळेच सांगतात, पण तो कोन येतो कुठून हे क्वचितच कोणी समजावतं. होन गोल फिरतो तो एक वेग, वरखाली जातो तो दुसरा. ८० मिमीच्या बोअरचा घेर सुमारे २५१ मिमी. मिनिटाला २०० फेऱ्यांनी स्टोन ५० मीटर गोल धावतो. ४५ अंशांसाठी वरखालीचा वेग याच्या ०.४१ पट, म्हणजे मिनिटाला जवळपास २१ मीटर हवा. स्ट्रोक १३० मिमीचा धरला तर मिनिटाला ८० वेळा खाली जाऊन वर यायला हवं. हाताने हे जमतं, दमायला होतं तरी जमतं. तेच होन फिरवणारं ड्रिल ६०० फेऱ्यांवर लावलं आणि हात तोच ठेवला, तर कोन १६ अंशांवर येतो: रेघा जवळपास आडव्या. अशा रेघांवरून रिंग अडखळत जाते आणि तेल वर जास्त राहतं. उलट कोन फार उभा झाला तर तेल टिकत नाही, खाली ओघळतं, आणि सकाळी सुरू करताना बोअर कोरडा असतो. म्हणून ड्रिल हळू चालणारं हवं, आणि कोन चुकलेला दिसला तर हात नाही, आधी ड्रिलचा वेग बदला.

स्टोन बोअरच्या दोन्ही टोकांबाहेर त्याच्या लांबीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच जाऊ द्यायचा. जास्त गेला तर तोंडं रुंदावतात आणि बोअर घंटेसारखा होतो. कमी गेला तर टोकं अरुंद राहून मधे पोट सुटतं. खाली क्रँकची जागा अडवत असेल तर छोटे स्टोन घ्या. होनिंग ऑइल सतत वाहतं ठेवा, कारण ते नुसतं थंडावा देत नाही, स्टोनची छिद्रं भरू देत नाही. होन फिरता फिरता बाहेर काढायचा, थांबवून ओढला की उभी ओरखड उमटते. आणि मापासाठी घाई नको. ८० मिमीचा कास्ट आयर्न बोअर १० अंशांनी तापला तर जवळपास ०.००९ मिमी मोठा दिसतो. पिस्टन आणि बोअरमधली फट, म्हणजे क्लिअरन्सच, ०.०४ मिमी असेल तर एवढ्या चुकीला जागा नाही. ब्लॉक आणि मायक्रोमीटर एकाच सावलीत गार होऊ द्या.

धुण्याचं काम नवख्याकडे येतं आणि तेच सर्वांत महत्त्वाचं असतं. रॉकेल किंवा डिझेल तेल काढतं, रेघांत रुतलेली स्टोनची पूड नाही. गरम पाणी, साबण, ताठ ब्रश, आणि पांढऱ्या फडक्याला थोडं तेल लावून पुसल्यावर फडकं पांढरंच राहीपर्यंत पुन्हा पुन्हा. त्यानंतर लगेच कोरडं करून तेल लावायचं. जून-जुलैतल्या इथल्या हवेत ओला कास्ट आयर्न बघता बघता तांबूस होतो, आणि तो गंज म्हणजे पुन्हा पूडच.

निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) थर दिलेला ॲल्युमिनियम सिलिंडर किंवा यामाहाचा डायसिल, म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा सिलिंडर, यांवर साधा स्टोन लावू नका. ट्रक-ट्रॉलरच्या इंजिनांतला वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारा लायनर, नवा घेतला की तयार होनिंगसह येतो, त्यालाही हात लावायचा नाही. तिथे लायनरची बैठक साफ करणं आणि तो ब्लॉकच्या वर मॅन्युअलमध्ये दिला आहे तितकाच उचललेला आहे का ते डायल गेजने मोजणं, ही खरी मेहनत.

रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या उलट्या डोक्याने सुमारे २५ मिमी खाली सरळ ढकला आणि तोंडातली फट फीलर गेजने मोजा. मॅन्युअल नसेल तर बोअरच्या ०.००४ पट हा अंदाज, म्हणजे ८० मिमीला ०.३२. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते.

टॉर्ककडे येताना एक गोष्ट मनात पक्की करावी: आपल्याला टॉर्क नको असतो, बोल्टमधला ताण हवा असतो. पान्याला दिलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो, जेमतेम दहा टक्के हेड दाबतो. १० मिमीच्या बोल्टला ५० न्यूटन-मीटर दिले, आटे कोरडे असतील तर सुमारे २५ हजार न्यूटन म्हणजे अडीच टनांचा दाब येतो. तेच तेल लावून दिले तर ३३ हजारांच्या पुढे, म्हणजे ८.८ ग्रेडच्या बोल्टच्या सहनशक्तीच्या कडेला. आकडा तोच, लावलेल्या आकड्यावर वाजणाऱ्या टॉर्क पान्याचा क्लिकही तोच. म्हणून मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांचा की तेल लावलेल्यांचा, हे वाचल्याशिवाय पाना उचलू नये. खाऱ्या हवेतल्या इंजिनांत गंजलेला आटा घर्षण वाढवतो आणि दाब आणखी कमी पडतो. बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करा. ब्लॉकमधले आटे नव्याने कापणारा टॅप नको, ते साफ करणारा टॅप फिरवा. बंद भोकात पाणी-तेल साठलेलं असेल तर हवेने उडवा. ते राहिलं तर बोल्ट उतरताना त्याला जायला वाट नसते आणि ब्लॉक चिरतो.

एकक बघा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, कुठे फूट-पाउंड. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६. फूट-पाउंडाचा आकडा न्यूटन-मीटर समजून आवळला की हेड गॅस्केट काही दिवसांतच गळू लागतं.

हेड मधून बाहेरच्या दिशेने, गोगलगाईच्या शंखासारखं फिरत आवळायचं, तीन टप्प्यांत: साधारण ३० टक्के, ६० टक्के, मग पूर्ण. सोडताना बाहेरून आत. पूर्ण टॉर्कनंतर बोल्ट ९० अंश फिरवा, पुन्हा ९० अंश फिरवा असं लिहिलं असेल, तर ते बोल्ट ताणून बसवायचे असतात. बहुतेक मॅन्युअल त्यांच्या जागी दर वेळी नवे घालायला सांगतात. पाना मुठीच्या मध्यावर धरून हळू, सलग ओढायचा आणि पहिल्या क्लिकला थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा क्लिक केला की टॉर्क वाढलेला असतो. पान्याला सरळ पुढे ५० मिमीचा जोड लावला आणि पान्याची लांबी ४०० असेल, तर ९० न्यूटन-मीटरसाठी पाना ८० वर ठेवावा लागतो. काम झालं की पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, बोल्ट सोडायला कधीच वापरू नका, आणि ५,००० क्लिक किंवा १२ महिन्यांनी तपासून घ्या.

आता दोन्ही धडे जिथे एक होतात ती जागा. हेड आवळलं की बोल्टांच्या जवळ बोअर किंचित आत-बाहेर खेचला जातो. म्हणून चांगल्या मशीन शॉपमध्ये होनिंगआधी ब्लॉकवर टॉर्क प्लेट लावतात: हेडइतकी जाड, मधे बोअरएवढी भोकं असलेली, गॅस्केटसह पूर्ण टॉर्कला आवळलेली. तिच्याखाली गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहतो. मेन बेअरिंगच्या कॅपाही तेव्हा आवळलेल्या हव्यात. टॉर्क प्लेट सगळीकडे मिळत नाही. नसेल तेव्हा बोल्टांचा क्रम आणि टप्पे काटेकोर पाळणं एवढंच हातात उरतं, आणि ते फार मोठं आहे.

इंजिन सुरू झालं की धक्क्यावर तासन्तास नुसतं गुरगुरत ठेवू नका. रिंगांना बोअरशी बसायला मागून वायूचा दाब लागतो, आणि तो भार असल्याशिवाय येत नाही. रिकाम्या चालण्याने ताज्या रेघांवर पुन्हा चकाकी चढते. पाणी नीट तापलं, तेलाचा दाब बघितला, गळती नाही, की मध्यम भार देत, कमी-जास्त करत चालवायचं. पहिलं तेल लवकर बदलायचं आणि फिल्टर कापून आत चमचमती पूड दिसते का ते बघायचं.